शेवटच्या दिवसाचा प्रश्न



पन्नास वर्षे कीर्तनाची सेवा घडली. आता गुडघे साथ देत नाहीत, आवाजही बसला आहे, म्हणून घरीच वाचन-चिंतन चालते. या पन्नास वर्षांत दशक्रियेची प्रवचने किती केली याची मोजदाद नाही. घाटावर पिंड मांडलेले असतात, कावळा यायचा असतो, तोवर बसलेल्या मंडळींना देहाचे नाशवंतपण सांगायचे. सांगून सांगून ते शब्द माझ्या तोंडात इतके रुळले की त्यांतला अर्थ मलाच लागेनासा झाला. स्मशानाशेजारी ज्याची लाकडाची वखार असते, त्याला रोजच्या मरणाचे काही वाटत नाही. माझे तसेच झाले होते. ही कबुली आधीच देतो, कारण पुढचे सगळे लिहिणे तिच्यातूनच निघाले आहे.

काही वर्षांपूर्वी वसई भागात सप्ताहाला गेलो होतो. तारीख २ नोव्हेंबरची. सायंकाळी यजमानांबरोबर फिरायला निघालो तो वाटेत ख्रिस्ती बांधवांची दफनभूमी लागली. आत जत्रेसारखी माणसे, पण गलबला नाही. कोणी थडगे धुऊन घेत होते, कोणी झेंडूची फुले वाहत होते, मेणबत्त्या लावत होते. एक म्हातारी नातवंडांना घेऊन थडग्यापाशी बसली होती आणि आत निजलेल्या माणसाशी घरात बोलावे तशी बोलत होती. यजमान म्हणाले, "महाराज, हा यांचा सर्व मृतांच्या आठवणीचा दिवस. आपला पितृपक्ष समजा." तेवढ्यात धर्मगुरूंनी शास्त्रपाठ वाचायला सुरुवात केली, तोही शुद्ध मराठीत. विषय होता शेवटच्या दिवसाचा न्याय. मी फाटकाबाहेर उभा राहून ऐकले. रात्री माझे कीर्तन झाले, पण मन त्या फाटकापाशीच राहिले. निघताना यजमानांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' हाती दिले. त्यातला तो भाग मी आजवर अनेकदा वाचला आहे.

वारकऱ्यांच्या मासिकात ख्रिस्ती धर्मविचार कशाला, असे कोणी विचारील. माउली, मध गोळा करणारी माशी कुंपण पाहत नाही. शिवाय हा विचार आपल्या भाषेला परका राहिलेला नाही. चारशे वर्षांपूर्वी तो ओवीत उतरला आणि शंभर वर्षांपूर्वी अभंगात. तेव्हा तो काय आहे, त्याचे पुढे काय झाले आणि त्यात आपल्याला घेण्यासारखे काय आहे, एवढे पाहू. एरवी मी ठिकठिकाणी अभंगांची प्रमाणे दिली असती. आज देत नाही. ती आपणा सर्वांना पाठ आहेत, जागच्या जागी आपल्याच मनात उमटतील.

प्रथम सिद्धांत. ख्रिस्ती परंपरेत माणसाने चार शेवटच्या गोष्टींचे स्मरण ठेवावे असे सांगतात: मरण, न्याय, स्वर्ग आणि नरक. पुनर्जन्म त्यांच्या विचारात नाही. जन्म एकच, मरण एकच. मरणानंतर प्रत्येक जीवाचा न्याय होतो आणि जगाच्या अंती सगळे मृत उठून उभे राहतात, तेव्हा सर्वांचा मिळून न्याय होतो. न्याय करणारा ख्रिस्तच. आपल्याकडे कर्माचे फळ कर्माच्या पोटीच असते. बी पेरले की झाड येणारच, त्याला कोणी न्यायाधीश लागत नाही. त्यांच्याकडे मात्र समोर कोणीतरी बसलेला आहे, आणि तो असा आहे की ज्याला स्वतःला माणसांच्या न्यायालयाने मृत्युदंड दिला होता. त्याच्या हातापायांवर खिळ्यांचे वण आहेत. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता मत्तयच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय. माझ्या शब्दांत सांगतो. जगाच्या अंती राजा सिंहासनावर बसतो. सगळी राष्ट्रे समोर उभी असतात. दिवसभर एकत्र चरलेली मेंढरे आणि शेरडे मेंढपाळ जशी वेगळी करतो, तसा तो माणसांना उजवीकडे आणि डावीकडे करतो. आपल्याकडच्या धनगराला हे समजावून सांगायला नको. मग राजा उजवीकडच्यांना सांगतो की मी भुकेला होतो, तहानलेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, आणि तुम्ही माझी विचारपूस केलीत. ती माणसे गोंधळतात. म्हणतात, महाराज, आम्ही तुम्हाला असे पाहिले तरी कधी? राजा उत्तर देतो की ज्यांना कोणी मोजत नाही अशा या माझ्या भावंडांपैकी एकाला तुम्ही जे दिलेत, ते मलाच पोचले. मग तो डावीकडे वळतो आणि तीच यादी उलट वाचतो. तीही माणसे विचारतात, कधी?

माउली, इथे क्षणभर थांबा. त्या दरबारात उपासांची संख्या विचारली नाही. किती ग्रंथ वाचले, किती यात्रा केल्या, हे विचारले नाही. या गोष्टी वाईट म्हणून नव्हे, तर त्यांचे फळ कुठे लागले तेवढेच पाहायचे म्हणून. आणि दोन्ही बाजूंचा प्रश्न एकच आहे. उजवीकडच्यांना आपण राजाला पाणी दिले हे ठाऊक नव्हते, कारण त्यांनी हिशेब ठेवलाच नव्हता. डावीकडच्यांनाही ठाऊक नव्हते. राजा आहे असे कळले असते तर तेही धावले असते, पहिल्या रांगेत उभे राहिले असते. तहानलेल्याच्या जागी त्यांना राजा दिसला नाही आणि माणूसही दिसला नाही. सगळा न्याय त्या एका 'कधी'मध्ये आहे.

या सिद्धांताला शोभेल असे एक आख्यान त्यांच्या संतचरित्रात आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकात मार्टिन नावाचा तरुण रोमन सैन्यात होता. ख्रिस्ती व्हायचे त्याच्या मनात होते, पण बाप्तिस्मा अजून झाला नव्हता. कडाक्याच्या थंडीत आजच्या फ्रान्समधल्या आमियँ नगराच्या वेशीपाशी एक भिकारी उघडा कुडकुडत होता. येणारे-जाणारे पुढे जात होते. मार्टिनजवळ अंगावरच्या झग्याखेरीज द्यायला काही उरले नव्हते. त्याने तलवार काढली, झग्याचे दोन तुकडे केले, एक भिकाऱ्याला दिला आणि उरलेला स्वतः पांघरला. बघणाऱ्यांपैकी काही जण त्याच्या अवताराला हसले. त्या रात्री त्याला स्वप्न पडले. ख्रिस्त तोच अर्धा झगा पांघरून उभा होता आणि भोवतालच्या देवदूतांना सांगत होता की हा मला मार्टिनने दिला.

ही कथा वाचली आणि मला आपले नाथमहाराज आठवले. काशीची कावड रामेश्वराला निघालेली, वाळवंटात गाढव तडफडते आहे, आणि नाथांनी कावडीतले पाणी त्याच्या तोंडात घातले. सोबतचे लोक हळहळले. नाथांचा रामेश्वर मात्र तिथेच पाणी प्याला. देश वेगळा, काळ हजार वर्षांनी पुढचा, तरी तहान एक आणि थंडी एक.

मार्टिन पुढे तूर नगराचे धर्माध्यक्ष झाले. त्यांच्या दोन गोष्टी मनात धरून ठेवा. ३८५ च्या सुमारास प्रिसिलियन नावाच्या एका धर्मोपदेशकाला पाखंडी ठरवून ठार मारावे, अशी मागणी काही धर्माध्यक्षांनी सम्राटाकडे केली. मार्टिन यांनी जाऊन विरोध केला. तो चुकला असेल तर त्याला चर्चबाहेर काढा, पण त्याचे रक्त सांडू नका, असा त्यांचा आग्रह होता. ते निघून गेल्यावर प्रिसिलियनचा शिरच्छेद झालाच. दुसरी गोष्ट त्यांच्या शेवटाची. ३९७ मध्ये ते राखेवर पडून मरणाची वाट पाहत होते आणि शिष्य रडत होते. तेव्हा त्यांनी देवाला विनवले की या लोकांना माझी अजून गरज असेल तर मी कष्टाला नाही म्हणत नाही. मोक्ष बाजूला ठेवून पुन्हा सेवेला जन्म मागणारे आपले तुकोबा ज्यांच्या ओठी आहेत, त्यांना या म्हाताऱ्याची ओळख पटायला वेळ लागणार नाही.

पुढे युरोपात या न्यायाचे चित्र देवळांच्या दारांवर कोरले गेले. फ्रान्समधल्या ओतँ गावच्या मोठ्या चर्चच्या दारावर ११३० च्या सुमाराचे शिल्प आहे. गिस्लेबेर्तुस हे नाव तिथे कोरलेले आहे. मध्ये ख्रिस्त बसलेला. एका बाजूला तराजू आहे, त्यात जीव तोलले जात आहेत, आणि एक सैतान पारडे आपल्याकडे ओढतो आहे. आपल्या चित्रगुप्ताकडे वही असते, त्यांच्याकडे तराजू. खालच्या पट्टीवर मेलेली माणसे थडग्यांतून उठत आहेत. त्यांत दोन यात्रेकरू आहेत. अंगावर काही नाही, फक्त खांद्याला झोळी. एकीवर क्रूस आहे, तो जेरुसलेमच्या यात्रेचा. दुसरीवर शिंपला आहे, तो सांतियागोच्या यात्रेचा. नऊशे वर्षे झाली, ते दोघे झोळी सांभाळून उभे आहेत. त्या शिल्पाचे छायाचित्र पाहिले तेव्हा मला पताका खांद्यावर टाकून निघालेले आपले वारकरीच दिसले. मग मनात प्रश्न आला की त्या झोळीत काय असेल? वाटेत कोणाला भाकरी दिली असेल तर ती असेल. बाकी तिथवर काय पोचते?

१३४७ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपात प्लेगाची काळी साथ आली. निदान तिसरा हिस्सा माणसे गेली. धर्मगुरूही मेले. मरणाऱ्याजवळ बसून प्रार्थना म्हणायला कोणी उरेना. अशा पिढ्यांनी मरणाचा विचार फार जवळून केला. पंधराव्या शतकाच्या आरंभी लॅटिनमध्ये एक लहान पुस्तक तयार झाले, त्याचे नाव 'आर्स मोरिएंदी', म्हणजे मरण्याची कला. पुढे त्याच्या लाकडी ठशांच्या चित्रांसह प्रती निघाल्या. मरणाऱ्याच्या खाटेभोवती पाच मोह कसे जमतात ते त्यात दाखवले आहे: श्रद्धा ढळणे, निराशा, असह्य वेदनेतून येणारा त्रागा, आपल्या पुण्याचा गर्व आणि धन-गोतावळ्याची ओढ. प्रत्येक मोहाच्या चित्रासमोर धीर देणारे दुसरे चित्र आहे.

पाच मोहांपैकी चौथा वाचून मी दचकलो. शेवटच्या घटकेलासुद्धा सैतान भल्या माणसाच्या कानाशी लागतो आणि म्हणतो, तू किती पुण्यवान, तुझ्यासारखा तूच. माउली, आम्हा कीर्तनकारांच्या गळ्यात हार पडतात, पायांवर डोकी ठेवली जातात. आमच्या खाटेशी पहिला येईल तो हाच.

भीती जिथे असते तिथे बाजारही येतो. मरणोत्तर शिक्षेतून सूट देणारी क्षमापत्रे विकली जाऊ लागली. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन लूथर यांनी त्याविरुद्ध पंचाण्णव कलमे मांडली आणि ख्रिस्ती जगाचे दोन भाग झाले. हा आजार एकट्या त्यांचा नाही. देवाच्या नावाने भीती दाखवून पैसा उभा करणारे कोणत्या पंथात नाहीत? आमच्यातही बिदागीचा आकडा ठरवून वैराग्यावर बोलणारे आहेत, आणि काही वर्षे त्यांत मीही होतो.

आता हा विचार आपल्या किनाऱ्याला कसा लागला ते पाहू. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले आणि १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. धर्मन्यायालयाची शिक्षा जाहीर होण्याचा दिवस हा समारंभ असे. आरोपींची मिरवणूक निघे. ज्यांना जाळायचे असे त्यांच्या अंगरख्यांवर ज्वाळा आणि सैतान रंगवलेले असत. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याने त्या कोठडीत दिवस काढले आणि सुटल्यावर १६८७ मध्ये सगळी हकीकत छापली. मध्ये काही वर्षे बंद राहून हे न्यायालय अखेर १८१२ मध्ये उठले.

आपल्या डोळ्यांसमोर ते चित्र आणा. शेवटच्या दिवशी देवाने करायचा न्याय माणसांनी आपल्या हाती घेतला, नरकाचे रंगीत कपडे शिवले आणि त्याचे नाटक भर रस्त्यात उभे केले. ज्या राजाने तुरुंगातल्या माणसात मला ओळखा म्हणून सांगितले, त्याच्याच नावाने तुरुंग भरले. मार्टिन यांनी बाराशे वर्षांपूर्वी जे करू नका म्हणून सांगितले होते, तेच केले. शेवटच्या न्यायावर खरी श्रद्धा असती तर हात थरथरला असता, कारण मग आपलाही न्याय व्हायचा आहे हे आठवले असते.

याच गोव्यात १५७९ मध्ये एक इंग्रज जेझुइट धर्मगुरू उतरले, फादर थॉमस स्टीफन्स. त्यांच्या मायदेशी तेव्हा कॅथलिकांचा छळ होत होता, म्हणजे छळणारे राज्य काय असते ते त्यांनी पाहिलेले होते. त्या वेळी पैठणास नाथमहाराज होते. स्टीफन्स यांनी कोकणी शिकली, मराठी शिकली, आणि १६१६ मध्ये राचोल येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. तुकोबारायांचा जन्म १६०८ चा धरला तर तेव्हा देहूत ते आठ वर्षांचे असतील. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, छपाई मात्र रोमन लिपीत, कारण आपल्या अक्षरांचे खिळे तिथे नव्हते. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ हाच शब्द घेतला. देव, गुरू, पुराण ही सगळी आपल्या घरातली भांडी, त्यांत त्यांनी आपला नैवेद्य वाढला.

या पुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे. साष्टीच्या चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू आहे आणि नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो. मतलब असा: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? हे वाचून मी पुस्तक मिटले. हा माणूस आपला होता, माउली. त्याच्या आजाने सायंकाळी पोथी लावली असेल, आजीने समई लावली असेल. पोथी गेली, देऊळ गेले, आणि कानाला कोरड पडली. ती तहान होती. ज्या सत्तेने विहीर बुजवली, त्याच सत्तेच्या आश्रयाने राहणाऱ्या एका परदेशी माणसाला ती तहान ऐकू आली, आणि त्याने आयुष्याची वर्षे घालून तिच्यासाठी घागर भरली. विहीर बुजवल्याचा दोष त्याने धुतला जात नाही. घागर भरल्याचे पुण्यही नाकारता येत नाही. दोन्हींचा हिशेब करणारे आपण नव्हे.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. तरी ख्रिस्तपुराण घराघरांत वाचले जात राहिले. गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेले, आणि १९०७ मध्ये ते मंगळुरास पुन्हा छापले गेले. देवनागरीत ते पुण्यास १९५६ मध्ये श्री. शांताराम बंडेलू यांनी आणले. हुकूम विरले, ओवी टिकली.

गोव्याकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकलो असतो तर बरे झाले असते. पण आपल्या महाद्वाराची पायरी आठवा. चोखोबारायांचे सगळे जीवन विठ्ठलाच्या दाराबाहेर गेले. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून त्याखाली त्यांचा अंत झाला. परंपरा सांगते की नामदेवरायांनी ढिगाऱ्यातली हाडे कानाशी लावून पाहिली आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून उचलली. शेवटचा न्याय म्हणून जो काही असेल, तो त्या हाडांनी दिला. तरीही त्यांच्या माणसांना देवळाचे दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात १ मे ते १० मे असे प्राणांतिक उपोषण करावे लागले. माझे वडील त्या काळचे वारकरी. ते सांगत की गुरुजींच्या उपोषणाला नावे ठेवणाऱ्यांत टाळकरीही होते. कोण आत यावे आणि कोण बाहेर थांबावे हा न्याय आम्हीही शतकानुशतके करत आलो. आमच्याकडे नरकाचे कपडे शिवले नाहीत, एवढाच फरक.

आता आपल्याच महाराष्ट्रातली दोन घरे. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत. म्हणजे आमच्याच पेशाचे. दुष्काळात आई-वडील दोघेही उपासमारीने गेले. ज्या मुलीने तो अंत पाहिला, तिने पुढे ख्रिस्ती झाल्यावर १८९६-९७ च्या आणि नंतर १९०० च्या दुष्काळात शेकडो उपाशी, निराधार मुली केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरी त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे केले आणि एप्रिल १९२२ मध्ये देह ठेवला. भूक, तहान, परकेपण ही यादी त्यांनी ग्रंथात वाचण्याआधी स्वतःच्या अंगावर वाचली होती.

दुसरे घर टिळकांचे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो अशी भावना बोलून दाखवली. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' आपण वाचले असेल. कडक सोवळे-ओवळे पाळणारी ही बाई एके दिवशी विचार करकरून ठरवते की जात माणसाने केली, देवाने नाही, आणि कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला तयार होते. दुष्काळात त्यांच्या घरात अनाथ मुलांचा मेळा भरला. स्वतःच्याच पोटाची भ्रांत असलेले ते घर. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईला लग्न होऊन आली तेव्हा धड अक्षरओळख नव्हती, तिने.

इथे कोणी म्हणेल, महाराज, त्यांचा एकच जन्म आणि आपले अनेक, मग हे जुळायचे कसे? जुळवायचे नाही, माउली. मतभेद आहे तो आहे. पण एकच जन्म आहे असे मानणाऱ्याला जी घाई असते, ती आपणही थोडी उसनी घ्यावी. पुढच्या जन्मी पाहू म्हणून आपण किती पाणी द्यायचे राहून जाते!

आता माझ्या 'कधी'कडे येतो. चाळीस वर्षे होऊन गेली. आषाढीची वारी होती. सासवडहून जेजुरीकडची वाट. ऊन चढलेले. बाभळीच्या आडोशाला एक म्हातारा बसला होता, अंगात ताप असावा. त्याने हात पुढे करून पाणी मागितले. माझ्या खांद्याला तांब्या होता, त्यात अर्धे पाणी होते. रात्री मुक्कामावर माझे कीर्तन होते आणि घसा जपायचा होता. मी हात जोडले आणि म्हणालो, "माउली, मागून टँकर येतोय." आणि पुढे गेलो. त्या रात्री मी नाथांच्या गाढवाची कथा लावली. ती रंगली. बाया रडल्या, मंडळींनी पाय धरले. कीर्तन संपल्यावर तांब्यातले उरलेले पाणी मी प्यायलो.

टँकर आला असेल. कोणी ना कोणी त्याला पाणी दिले असेल, वारी आहे ती. पण ते मी दिले नाही. आणि त्याला माउली म्हणून दिले नाही, ही गोष्ट अधिक लागते. शब्द तोंडात होता, ओळख पटली नाही. बरीच वर्षे मला हे आठवतसुद्धा नव्हते. वसईच्या त्या फाटकापाशी डावीकडच्यांचा प्रश्न ऐकला, कधी, आणि बाभळीचे झाड डोळ्यांसमोर उभे राहिले. शास्त्र असे काम करते. ते कुठल्या भाषेतले, कुठल्या धर्मातले, हे बाण लागल्यावर कोण विचारतो?

ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांची राख करून धर्मगुरू ती कपाळी लावतात आणि माणूस माती आहे याची आठवण देतात. आपण कपाळी बुक्का लावतो. तोही काळाच. बुक्का लावताना आता मी मनात दोन गोष्टी म्हणतो: हे कपाळ मातीचे आहे, आणि समोरचे कपाळ पांडुरंगाचे आहे. एवढे साधले तर मरणाची प्रवचने कमी पडली तरी चालतील.

माझ्या वहीतली दशक्रियेची टिपणे मी काढून टाकली नाहीत. नव्या मुलांना देतो. देताना एक सांगतो. घाटावर बोलून झाले की लगेच गाडीत बसू नका. गर्दी पांगल्यावर मागे कोण एकटे उरते ते पाहा, त्याच्याजवळ बसा, पाणी विचारा. आपणही, माउली, येत्या वारीला तांब्या भरून घ्याल तेव्हा घसा कोणाचा कोरडा आहे ते वाटेत पाहत चला. माझ्या तांब्यातले अर्धे पाणी अजून द्यायचे राहिले आहे. पाय चालत नाहीत, म्हणून या लेखातून ते आपल्या हाती देतो. बाभळीखाली कोणी बसलेला दिसला तर माझ्या वाटणीचे त्याला पाजा.

रामकृष्णहरी.